सुतळीनं बांधलेला वारा

मी आहे एक जुनं ग्राफिक्स कार्ड. माझ्या अंगावर दोन गोल भोकं आहेत, तिथं कधीकाळी दोन पंखे फिरायचे. आता मी सोनाळ्याला उकंडराव पाटलांच्या भिंतीतल्या देवळीत, कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पाकिटांवर वजन म्हणून बसलो आहे. वारा सुटला की पाकिटं फडफडतात आणि मी त्यांना दाबून धरतो. मित्रांनो, अशा गोष्टींत आपल्या गुणांचं कौतुक सांगायचं असतं. माझी गोष्ट मात्र जळफळाटाची आहे. खोटं कशाला सांगू?

तुम्ही संगणकावर खेळ खेळता तेव्हा पडद्यावर गाडी पळते, गवत हलतं, पाण्यात ढग दिसतात. ती सगळी चित्रं आमच्यासारखी कार्डं रंगवतात, एका सेकंदात साठ, ऐंशी, शंभर. जितकी जास्त, तितका खेळ ओढ्याच्या पाण्यासारखा वाहतो. कमी पडली की अडखळतो. आमच्यात दोन मोठी घराणी आहेत, एक हिरवं आणि एक लाल. मी हिरव्या घराण्यातला. माझ्या वेळी माझ्यापेक्षा वरचढ कार्ड अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात नव्हतं, असं जाकीरभाई सांगायचे आणि मी ते खरं मानायचो.

जाकीरभाईंचं दुकान शेगावला स्टेशन रोडवर, लॉजच्या रांगेत. पुढं संगणकदुरुस्ती, मागं थंडगार खोलीत खेळायच्या सहा खुर्च्या. मी पहिल्या खुर्चीच्या यंत्रात होतो. त्या खुर्चीसाठी पोरं ताटकळत उभी राहायची, बाकीच्या पाच रिकाम्या असल्या तरी. "एक नंबरच पाहिजे," असं कुणी म्हटलं की माझे पंखे आपोआप जोरात फिरायचे.

पण त्या खुर्चीवर मला खरं आवडायचं ते एकच माणूस. पुष्पांजली, उकंडरावांची लेक. शेगावला डिप्लोमा शिकायची, संध्याकाळी जाकीरभाईंच्या हाताखाली तारा जोडायला, कथलाचा डाग द्यायला शिकायची आणि तासभर खेळायची. पडद्यावर ती इतकी चपळ होती की तिच्या मागं चित्रं पुरवताना मला धाप लागायची. सुखाची धाप होती ती.

मग तो आला.

लाल घराण्यातला. माझ्यापेक्षा वीतभर लांब, तीन पंखे, माझ्या दुप्पट मेमरी. खोक्यावर त्याचा असा काही फोटो होता, जणू ढगातून उतरलेला सूर्य. मी त्याच्याकडं पाहिलं आणि मित्रांनो, माझ्या तांब्याच्या नळ्या तापल्या. अजून यंत्र सुरूही झालं नव्हतं.

जाकीरभाईंनी आमचा पट लावला. आमच्याकडं शंकरपटात बैलजोड्या घड्याळ लावून पळवतात, तसंच. शेजारी शेजारी दोन यंत्रं, एकच खेळ, एकच रस्ता, एकच पाऊस. पोरं भोवती दाटीनं उभी. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उमटू लागले. मी जीव तोडून पळालो. माझा आकडा चौऱ्याऐंशी. त्याचा एकशे त्रेचाळीस.

"म्हाताऱ्या बैलाले आता सावली दाखवा, जाकीरभाई," मागून कुणीतरी म्हटलं. सगळे हसले.

जाकीरभाई म्हणाले, "काऊन बे, याच बैलानं तुले चार वर्षं फिरवलं ना?" पण बोलता बोलता त्यांनी माझं यंत्र पहिल्या जागेवरून उचललं. तोंडानं माझी बाजू, हातानं त्याची. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

त्याच सुमारास पुष्पांजलीचं शेगाव सुटलं. लागोपाठ दोन हंगाम गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली आणि डिप्लोम्याचं शेवटचं वर्ष तिथंच राहिलं. निघायच्या दिवशी जाकीरभाईंनी मला यंत्रासकट तिच्या हाती दिलं. "वर्षभर दुकान सांभाळलं तू. हे तुह्या मेहनतीचं हाय, मह्या उपकाराचं नाही," ते म्हणाले. एसटीत ती मला मांडीवर घेऊन बसली. मी मनात म्हटलं, राहा बाबा तू तुझ्या थंडगार खोलीत. माणूस तर माझ्याकडं आलं.

सोनाळ्याच्या घरात माझी जागा मधल्या खोलीत होती. त्या वर्षी एक गंमत झाली होती. आदल्या साली भाव चढला होता, म्हणून यंदा सगळ्यांनी कापूस घरातच ठेवला. उद्या चढेल, परवा चढेल. आमच्या खोलीत आढ्यापर्यंत पांढरी रास, आणि तिच्या पायथ्याशी मी. घरातल्यांच्या अंगाला खाज सुटायची. गीताबाई, पुष्पांजलीची माय, हात खाजवत खाजवत गुणगुणायची:

*पांढरी ग लक्ष्मी । घरात आली आली*
*बसायाला जागा । माणसाला नाही राहिली*

कापसाचे बारीक तंतू माझ्या पंख्यांत शिरायचे. पण दर रविवारी पुष्पांजली मला बाहेर काढायची, अंगणात बसून रंगाच्या ब्रशानं एकेक पातं पुसायची आणि शेवटी जोरात फुंकर मारायची. त्या फुंकरीसाठी मी आठवडाभर कापूस गिळत असे.

गावात फायबरची तार आली होती. पुष्पांजली कापूस वेचून यायची, हातपाय धुवायची आणि खेळायची. होता होता पुण्यातल्या संगणकखेळाच्या एका संघाच्या नजरेत भरली. पाच खेळाडू घ्यायचे होते. निवड झाली तर राहायची सोय आणि उरलेला डिप्लोमाही पुरा होणार होता. चाचणी संक्रांतीनंतरच्या सोमवारी, अकरा ते एक. घरूनच खेळायचं, पण संघानं ठरवलेल्या नव्या खेळावर.

तो नवा खेळ मला पेलला नाही. साठ, मग चाळीस, मग अडखळणं. तिनं मला चापट मारली नाही, चिडली नाही. नुसती खुर्चीत मागं टेकली. ते मागं टेकणं मला जास्त लागलं.

तिनं फोन केला आणि आठवड्याभरात जाकीरभाई मोटारसायकलवर आले. पाठीवरच्या बॅगेत तो. लाल. उसना, चाचणीपुरता.

"घे. पण स्क्रूवरचं सील फोडू नको, वॉरंटी हाय," जाकीरभाई म्हणाले.

गीताबाईनं त्याच्या खोक्याला हळदकुंकू वाहिलं. पाहुणा म्हणून. मित्रांनो, मी त्या घरात वर्षभर राबत होतो. मला कुणी कधी कुंकवाचा टिळा लावला नव्हता. पुष्पांजलीनं मला बाहेर काढलं आणि कापसाच्या राशीवर अलगद ठेवलं. तिथून मी माझ्याच जागेवर त्याला बसताना पाहिलं. पडदा उजळला. पानापानावर ऊन, पाण्यात ढग. पुष्पांजली हळूच म्हणाली, "बाप्पा, कसं दिसते हे." माझ्यासाठी ती असं कधी बोलली नव्हती. त्या दिवशी माझ्या अंगातून वीज वाहत नव्हती, तरी मी तापलो.

उकंडराव दारात उभे राहून पाहत होते. त्यांना कार्डांतलं काही कळत नसे, पण वाणांतलं कळे. दर मृगाआधी गावात याच गप्पा. कोणत्या पाकिटाचं बोंड मोठं, कोणतं वाण अळीला दाद देत नाही. पेरलेल्या प्रत्येक वाणाचं पाकीट ते जपून ठेवत आणि पुढल्या साली समोर मांडून बसत.

"किती चांगलं हाय हे त्याच्याहून?" त्यांनी विचारलं.

"जवळजवळ दुप्पट, बाबा. शेगावले जाकीरभाईनं दोन्ही पळवून पाह्यले."

"शेगावले. गार खोलीत." उकंडराव बिडी कानामागं सरकवत म्हणाले, "पोरी, कंपनीच्या नमुन्याच्या पट्ट्यावर सगळंच वाण पिकते. आपल्या मुरमाड वावरात काय करते, ते पाह्यलं का कोनं?"

"बाबा, हे काही बियाणं नाही."

"नसंल. पण पाकीट तर तसंच चकचकीत हाय."

त्या क्षणी मला उकंडरावांच्या पाया पडावंसं वाटलं.

आठ दिवस ती सराव करत राहिली. मी राशीवरून पाहत होतो, कापसाचा एकेक तंतू त्याच्या तीन पंख्यांकडं जाताना. तिलाही दिसत असावं. पण पराई वस्तू, वर सीलबंद. उघडायला तिचा हात धजेना. मला जी दर रविवारी पुसून काढायची, तिनं त्या पाहुण्याला बोटही लावलं नाही. आणि मी? सांगता येत असतं तरी सांगितलं नसतं. मी त्या तंतूंना मनोमन म्हणत होतो, जा रे, शिरा आत.

सोमवार उजाडला. दहा वाजता ती यंत्रापुढं बसली आणि सव्वादहाला पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा काळा. आतून आवाज येत होता, जिनिंगच्या रोलरमध्ये किडकी बोंडं अडकल्यावर येतो तसा. मग तोही थांबला. तिनं जाकीरभाईंना फोन लावला.

"भाई, पंखे जाम झाले. सील फोडू का?"

"कापसात ठेवलं काय तू त्याले?"

"घरात दुसरी जागाच नाही, भाई."

पलीकडून जाकीरभाई म्हणाले, "फोड. कार्ड आपलं हाय, परीक्षा तुही हाय. बाकी मंग पाहू."

तिनं सील फोडलं. आसांभोवती कापूस सुताच्या गुंडीसारखा गच्च गुंडाळला गेला होता. दोन पंख्यांच्या मोटारी जळल्या होत्या. तिसऱ्याचं पातं काढताना तिच्या हातात तुटलं.

साडेदहा झाले होते. गीताबाई देवापुढं जाऊन बसली. पुष्पांजलीनं वर पाहिलं, राशीकडं. माझ्याकडं.

मित्रांनो, त्या एका क्षणात मी सगळं जिंकलो. तिनं मला दोन्ही हातांनी खाली घेतलं. पाहिलंत, मी मनात म्हटलं, शेवटी घरचंच कामी येतं. आता ती मला माझ्या जागी बसवेल. मी चाळीस चित्रं देईन, पंचेचाळीस देईन, फुटेपर्यंत देईन.

तिनं स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि माझे पंखे काढले.

एक. मग दुसरा. चार चार स्क्रू. तारा कापण्याआधी तिनं सवयीनं पाती पुसली, एवढंच काय ते समाधान. माझं उघडं अंग तिनं टेबलावर ठेवलं आणि माझे पंखे त्याच्या छातीवर टेकवले. ते नीट बसेनात. घराण्यंच वेगळी.

"बाबा, बांधाले काही द्या."

उकंडरावांनी कापसाची बोंदरी, म्हणजे मोठाली पोती, शिवायची सुतळी आणली. दाभण ओठांत धरून त्यांनी पंख्यांच्या चारी कोपऱ्यांवर वेढे घेतले, बैलाच्या गळ्यात घागरमाळ बांधावी तशी जपून गाठ मारली. तिनं तारांना डाग दिला. मग बापलेकीनं मिळून ओली चादर कापसाच्या राशीवर ओढली, तंतू उडू नयेत म्हणून. अकराला पाच मिनिटं कमी असताना तिनं बटण दाबलं.

माझे पंखे फिरले.

माझ्या डाव्या पंख्याला एक बारीक सूर आहे, जात्याला असतो तसा. तो मी हजार पंख्यांत ओळखेन. तो सूर आता त्याच्या अंगातून येत होता. चित्रं त्याची, कौतुक त्याचं, माझा नुसता वारा. माझ्या मनात काय आलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही मला चांगला समजणार नाही. मला वाटलं, थांब. माझ्याच पंख्या, थांब. बंद पड. काळा होऊ दे तो पडदा.

मग मला पडद्याच्या काचेत पुष्पांजलीचा चेहरा दिसला. खालचा ओठ दातांत धरलेला. गालावर कापसाची खाज उठली होती आणि खाजवायला हात मोकळा नव्हता. फिर रे, मी म्हटलं. फिर. तो जळाला तरी चालेल, पण एक वाजेपर्यंत फिर.

एक वाजेपर्यंत तो सूर थांबला नाही.

चार दिवसांनी पुण्याहून फोन आला. पाचांत तिचं नाव होतं. गीताबाईनं देवापुढं साखर ठेवली. जाकीरभाई आपलं कार्ड न्यायला आले. सुतळी पाहून ते खोलीच्या दारातच उभे राहिले.

"काय हो काका, मह्या कार्डाच्या तोंडाले बैलावानी मुंगसं बांधलं काय तुमी?"

"मुंगसं नाही बाप्पा, नाकातली येसन हाय," उकंडराव म्हणाले. "लय उधळत होतं."

जाकीरभाई खूप हसले. सुतळी त्यांनी सोडली नाही. आजही शेगावच्या पहिल्या खुर्चीत ते कार्ड तसंच चालतं म्हणे, सुतळी बांधलेलं. पोरं ती पाहायला येतात. सुतळीची गोष्ट विचारतात, माझी विचारत नाहीत.

कापूस शेवटी होता त्याच भावात गेला. खोली रिकामी झाली तेव्हा उकंडरावांनी मला उचलून देवळीत ठेवलं, त्यांच्या जपलेल्या पाकिटांवर. माझ्या खाली वीस वर्षांची चकचकीत बोंडं आहेत. प्रत्येकावर ढगातून उतरलेला सूर्य. त्यांच्यात माझं बरं जमतं.

पुष्पांजली दिवाळीला आली. दोन दिवस शेजारपाजार, मैत्रिणी, मामा. मी धूळ खात पाहत होतो आणि पुण्यातलं तिचं नवं कार्ड कसं असेल याचा विचार करत जळत होतो. खोड जात नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती देवळीपाशी थांबली. मला हातात घेतलं, अंगणात नेलं, पदरानं नाही, ब्रशानंच पुसलं. माझ्या दोन भोकांवरून बोट फिरवलं.

"बाबा, याचा वारा त्या दिवशी नसता ना…" ती म्हणाली आणि भोकांच्या कडेवरून पुन्हा ब्रश फिरवू लागली.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. दोघांना शर्यतीला उभं करण्याआधी जमीन कोणती आहे ते पाहा. आकडा मोठा असेल त्याला खुशाल डोक्यावर घ्या, पण त्याच्या पंख्यातला कापूसही काढा. पाहुणा म्हणून त्याला नुसतं कुंकू लावू नका. आणि घरात एखादं जुनं यंत्र धूळ खात पडलं असेल, तर त्याला आठवड्यातून एकदा तरी हात लावा.

त्या सकाळी पुष्पांजलीनं मला तोंडाजवळ धरलं आणि पूर्वीसारखी जोरात फुंकर मारली. पंखे नसलेल्या त्या दोन भोकांतून वारा आरपार गेला.

त्या दिवशी मी कुणावर जळलो नाही.