आधी बोल, मग बघ

तेवीस वर्षांनी वसुधा प्रधाननं एअर रायफल खांद्याला लावली आणि पहिल्याच दिवशी तिला क्लबातल्या झाडून सगळ्यांची कीव आली.

वाकोल्यातल्या एका शाळेच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडमध्ये हा क्लब. दहा लेन, दहा मीटर अंतर, समोर कागदी कार्डं. एक शॉट झाला की पुलीची दोरी ओढून कार्ड जवळ आणायचं आणि नवीन लावायचं. तेवीस वर्षांत बदललं होतं ते मंडळींचं सोंग. परदेशी जाकिटं काय, ताठ तळव्यांचे बूट घालून बदकासारखं चालणं काय! आणि कार्डावर बघावं तर भोकं गावभर. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

तिचं स्वतःचं जाकीट माळ्यावरून निघालं तेव्हा पोटावर बसेना. तिनं त्याला बाजूनं नाड्या लावून घेतल्या. पण हसायची कुणाची टाप नव्हती. भिंतीवर तिचा फोटो होता, राज्य विजेतेपदाचा चषक धरलेला. त्या काळी चारशेत तीनशे नव्वदच्या खाली आली तर ही बाई त्या दिवशी जेवायची नाही. मग लग्न झालं, सांताक्रूझचा संसार, विमा कंपनीतली नोकरी, मुलगा, सासूबाईंचं आजारपण, आणि रायफल राहिली ती राहिलीच.

आता पन्नाशीवरच्यांच्या राज्य स्पर्धेला क्लबचा संघ जायचा होता. अट एकच, निवडीच्या रविवारी चाळीस शॉटमध्ये तीनशे सत्तर. क्लबातली तरुण मंडळीही त्या दिवशी सोबत आपापले गुण मोजून घ्यायची.

"तीनशे सत्तर? अंगात ताप असताना मारीन मी," असं ती क्लबात म्हणाली, घरी नवऱ्याला म्हणाली आणि सोसायटीच्या हळदीकुंकवातही म्हणाली. नवरा नुसता हसला होता. "या वयात?" एवढंच बोलला होता, आणि ते तिच्या मनात सलत होतं. सरावात तिचे कसेबसे तीनशे पासष्ट होत. हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ती आपली कार्डं कुणाला दाखवत नसे, पर्समध्ये घालून घरी नेई.

तिच्या शेजारच्या लेनवर अनय असायचा. चौतीस वर्षांचा, अंधेरीहून येणारा, बँकेत कॉम्प्युटरवर काम करणारा. कितीही बोला, रागवायचा नाही. याच गोष्टीचा तिला सगळ्यात राग यायचा.

"अरे, रायफल धरलीयस की तंबोरा?"

"सांगा ना मॅडम, कशी धरू?"

शेवटी एकदा तिनं त्याला श्यामकांत सरांचं वाक्य दिलं. सर तिचे गुरू, आता हयात नाहीत. "ट्रिगर दाबला की कार्डाकडे धावायचं नाही. आधी बोल, मग बघ. छर्रा सुटतानाच हाताला कळतं कुठं गेला ते. ज्याला कळत नाही तो नेमबाज नाही, जत्रेत फुगे फोडणारा."

अनय तेव्हापासून प्रत्येक शॉटनंतर पुटपुटायचा. सात म्हणायचा, नऊ निघायचे. नऊ म्हणायचा, सहा.

"तुझं बोलणं म्हणजे पंचांगातला पाऊस," वसुधा म्हणायची. "आणि दहा तर तू तोंडातूनही काढू नकोस. ते तुझं काम नव्हे."

"बरं मॅडम," तो म्हणायचा.

या क्लबाचा एक रिवाज होता. विमानतळ जवळ, विमानं अगदी डोक्यावरून जायची आणि पत्रे थरथरायचे. कुणीतरी "विमान!" म्हटलं की सगळ्यांनी रायफली खाली घ्यायच्या. वसुधाला हे नखरे वाटत. आमच्या वेळी पण विमानं होती, असं ती म्हणायची. होती, पण तेव्हा तीही रायफल खाली घ्यायची, हे ती सांगायची नाही.

निवडीच्या रविवारी एकोणचाळीस शॉट झाले तेव्हा तिचे तीनशे एकसष्ट होते. शेवटच्या शॉटला नऊ हवे होते. तिनं रायफल उचलली, नेम बसत आला आणि मागून आवाज आला, "विमान!"

नऊ लेनवरच्या रायफली खाली आल्या. तिची आली नाही. हात भरून आले होते. एकदा खाली घेतली तर पुन्हा स्थिर उचलता येईल याची तिला खात्री नव्हती. पत्रे कडकडायला लागले आणि तिनं ट्रिगर दाबला.

आठ. उजवीकडे खाली, घड्याळात चार वाजतात तिथं. कार्ड बघायची गरजच नव्हती.

तिनं दोरीला हात लावला नाही. लावला की संपलंच होतं सगळं. विमान गेलं. अनयनं रायफल पुन्हा उचलली, शॉट मारला आणि स्वतःशीच नवल करत पुटपुटला, "दहा."

त्यानं आपलं कार्ड ओढलं. कोरं. खाली घेतलेली रायफल उचलताना त्याचा नेम शेजारच्या कार्डावर गेला होता. मग वसुधानंही दोरी ओढली. तिच्या कार्डावर दोन भोकं होती. एक थेट मधल्या ठिपक्यात. दुसरं आठमध्ये, चारच्या काट्यावर.

दादू आला. सरांच्या वेळेपासून रेंज सांभाळणारा, नियम तोंडपाठ असलेला माणूस. "वसूताई, यातला तुमचा कुठला?"

"सांगता येत नाही."

दादूनं चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला सांगता येत नाही?"

"विमान होतं ना रे," ती म्हणाली.

दादू अनयकडे वळला. अनयनं एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे. "दहा मॅडमचाच असणार काका. माझा आठ."

"तुझं शून्यच, दुसऱ्याच्या कार्डावर मारलास," दादू म्हणाला. "आणि कुठला कुणाचा कळत नसेल तर जास्तीचा कार्डवाल्याला." त्यानं लिहिलं, तीनशे एकाहत्तर. टाळ्या वाजल्या. वसुधानं त्या ऐटीत घेतल्या. खरं बोलून अनयला काय मिळणार होतं? त्याचं शून्य ते शून्यच. असं तिनं जिन्याच्या प्रत्येक पायरीवर स्वतःला समजावलं.

अनय मागून धावत आला. "अभिनंदन मॅडम! गंमत सांगू? मला वाटलं, तो दहा माझाच. हात अगदी शंभर टक्के सांगत होता." तो हसला. "म्हणजे माझं बोलणं अजून कच्चंच."

बोलायचं तर हीच वेळ होती. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं.

"सराव कर," वसुधा म्हणाली.

पुढच्या रविवारी अनय शेजारच्या लेनवर होता. त्यानं शॉट मारला, ओठ मिटलेलेच ठेवले, दोरी ओढली, कार्ड डोळ्यांपाशी धरलं आणि मग म्हणाला, "नऊ."

"आधी बोलला नाहीस?"

"सोडलं ते मॅडम. माझ्या हाताला खोटं बोलायची सवय आहे. त्यापेक्षा आधी बघितलेलं बरं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर तिनं त्याला तिथल्या तिथं सोलून काढला असता.

ती आपल्या लेनकडे वळली. नेम धरला, शॉट मारला. नऊ, किंचित वर, हातानं लगेच सांगितलं. मागे दादू कार्डं मोजत उभा होता, शेजारी अनय ऐकत होता. 'नऊ' म्हणायला उघडलेलं तोंड तिनं मिटलं. मग तिनंही गुपचूप दोरी ओढली.