पन्नासवरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. घड्याळातला नव्हे आणि तराजूतलाही नव्हे. विजेची नाडी दाखवणाऱ्या मापकातला. तान्ह्या बाळाच्या छातीवर हात ठेवून आई जशी श्वास चाललाय ना ते बघते, तशी माणसं माझ्याकडे बघायची. आपल्याकडे विजेचे ठोके सेकंदाला पन्नास. जेवढी हवी तेवढीच वीज तयार होत असेल, तर मी पन्नासवर शांत उभा. कमी पडली की खाली घसरतो, जास्त झाली की वर सरकतो. एवढंच मला येतं. ओरडता मात्र येत नाही.

वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. गवत भरलेल्या खोक्यातून मला खाडीपलीकडच्या नियंत्रण कक्षात आणलं आणि लाकडी चौकटीत बसवून भिंतीच्या मधोमध लावलं. कुठल्या वीजघराने किती वीज द्यायची, हे त्या खोलीतून फोनवर सांगत. मुख्य साहेब होते त्र्यंबकराव. आल्या आल्या त्यांचा एकच प्रश्न, "काय, काटा काय म्हणतोय?" मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सगळं कौतुक त्या एका प्रश्नात होतं. बाकी दिवसभर सगळे माझ्याकडे बघायचे, पण मला कुणी सोबती नव्हता.

कोळशावरची यंत्रं आणि धरणाचं पाणी, ही माझी जुनी ओळखीची मंडळी. सांगाल तेव्हा येणारी. मग नव्वदीच्या अखेरीस घाटावरच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि त्यांची वीजही आमच्या तारांत येऊ लागली. त्र्यंबकराव कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "वारा म्हणजे पाहुणा हो. न सांगता येणार, न सांगता जाणार."

नव्याने लागलेल्या सगुणाताई हसल्या. "मग साहेब, पाहुण्यासाठी करतो तसंच करायचं. डब्यात चार लाडू जास्तीचे ठेवायचे. धरणाचं एक यंत्र कायम तयार ठेवू या."

"घर चालवणं आणि राज्याची वीज चालवणं यात फरक असतो, सगुणाबाई!"

तिसरा होता गुरुदत्त. त्या साली दसऱ्याच्या आधी त्याला मुलगी झाली, पण दिवस भरायच्या आत. एवढीशी पोर कोपरीकडच्या एका इस्पितळात काचेच्या उबदार पेटीत होती. पेटी विजेवर चाले. तिथला जनरेटर कुरकुरणारा. गुरुदत्त कामावर यायचा खरा, पण त्याचं लक्ष त्या पेटीत असायचं. दूध पाजायची वेळ झाली की सगुणाताई मनगटावरचं घड्याळ बघून म्हणायच्या, "अरे, फोन कर रे इस्पितळात."

दसऱ्याला आमची पूजा झाली. त्र्यंबकरावांनी मला झेंडूचा हार घातला आणि काचेवर, नेमक्या पन्नासच्या आकड्यावर, ओल्या कुंकवाचा अंगठ्याएवढा टिळा लावला. वर अक्षता. फार बरं वाटलं मला. पण मित्रांनो, त्या टिळ्याखाली मी दिसेनासा झालो. पूजेचं कुंकू पुसायचं कसं? राहू दे, म्हणाले सगळे. शेजारच्या खोलीतला राखीव मापक नेमका दुरुस्तीला गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंतचे सुट्टीवर गेलेले कारखाने एकदम सुरू झाले. आणि तिकडे पठारावर वारा पडला. पावसाळा सरला की तो पडतोच. मी टिळ्याआडून हळूहळू घसरू लागलो. इतका एकटा मी कधीच नव्हतो. खोलीभर माणसं होती, आणि माझं कुणालाच कळत नव्हतं. मी आणखी खाली गेलो असतो, तर एकेक भाग आपोआप बंद पडला असता. त्यात पहिला कोपरीचा.

दुधाची वेळ बघायला सगुणाताईंनी मनगट वर केलं आणि भिंतीकडे पाहिलं. "साहेब, भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय. ते विजेच्या ठोक्यांवर चालतं ना? ठोके मंदावले असतील."

"तुमचंच पुढे असेल. काटा कुंकवाखाली आहे, म्हणजे पन्नासच."

"कुंकवाखाली काय आहे ते बघितलंय कुणी?"

त्या उठल्या. त्यांचा हात माझ्यापर्यंत आला.

"थांबा!" त्र्यंबकराव ओरडले. "सवाष्णीनं कुंकू पुसू नये."

हात तिथेच थबकला. त्यांनी एकदा गुरुदत्तच्या तोंडाकडे बघितलं, आणि पदराने काच पुसून काढली.

मी कुठे होतो ते सगळ्यांना दिसलं. मग त्र्यंबकरावांनीच फोनवर झडप घातली. "धरणावर कोण आहे? पाणी सोडा, आत्ताच्या आत्ता!"

धरणाचं यंत्र धावून आलं. मी वर चढू लागलो, थांबत, दम खात. पन्नासजवळ पोचलो तेव्हा गुरुदत्त इस्पितळाशी बोलत होता. फोन ठेवून तो म्हणाला, "दूध प्यायली. झोपलीय म्हणे." आणि टेबलावर डोकं टेकून रडला.

त्यानंतर रोज सकाळी पठारावर फोन जाऊ लागला, "आज वारा कसा आहे?" धरणाचं एक यंत्र नेहमी तयार असे. त्र्यंबकराव त्याला लाडूंचा डबाच म्हणत. पुढच्या दसऱ्याला त्यांनी कुंकवाची वाटी सगुणाताईंपुढे धरली. "तुम्ही लावा. चौकटीला." आधी ताईंनी काच लख्ख पुसली.

पुढे लाल आकडे दाखवणारं नवं यंत्र आलं, आणि मी गोदामात. आता माझ्यात वीज नाही. दाराच्या फटीतून खाडीचा वारा येतो, धूळ हलते, मी हलत नाही. काचेच्या कोपऱ्यात कुंकवाचा एक कण अजून चिकटलेला आहे.

मित्रांनो, तुमच्यासाठी जे अबोलपणे राबतात, त्यांना हार जरूर घाला. पण हार घातल्यावर नजर काढून घेऊ नका. त्यांची काच पुसा. आणि कधी या बाजूला आलात, तर दार जरासं उघडून विचाराल ना, "काय, काटा काय म्हणतोय?"