सिद्धार्थमधला द्ध

कीबोर्ड मीच बदलला, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी विचारायला नको.

डोंबिवली पूर्वेला आमचं डीटीपीचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी बघतो. दहा बाय आठची खोली, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि कांताताई पगारे. ताई सत्तावीस वर्षं आमच्याकडे मराठी कंपोझिंग करतात. मी हाफ पँटमध्ये दुकानात यायचो तेव्हापासून. त्यामुळे मालक मी असलो तरी त्या मला अरे-तुरे करतात आणि मी त्यांना अहो-जाहो.

फेब्रुवारीत गुडघ्याच्या दुखण्यामुळे ताई आठवडाभर रजेवर गेल्या. तेवढ्यात मी लॅमिनेशनचं नवं मशीन आणलं. ते टेबलावर मावेना, चार बोटं जागा कमी पडत होती. ताईंचा कीबोर्ड जुना, हातभर लांब. त्याच्या उजवीकडचा आकड्यांचा चौकोन मला कायम फुकटचा वाटायचा. आकडे वरच्या ओळीत असतातच की! मी एक छोटा, सुटसुटीत कीबोर्ड आणला, जुना भंगारवाल्याला दिला आणि मशीन झकास बसवलं.

सोमवारी ताई आल्या, चष्मा लावला, टाइप करायला लागल्या. मध्येच त्यांचा उजवा हात सवयीने बाजूला गेला आणि लॅमिनेशन मशीनवर आपटला.

"अरे सहदेव, माझे आकडे कुठे गेले?"

"वर आहेत ना ताई. एक ते शून्य, सगळे आहेत."

"ते नावाला. कामाचे कुठेयत?"

तेव्हा कुठे मला कळलं की मी काय करून बसलोय. आमचा पत्रिकांचा फॉन्ट जुना आहे, फोनवर मराठी यायच्या आधीचा. त्यातल्या बऱ्याच जोडाक्षरांना बटणच नाही. ऑल्ट दाबून धरायचं आणि उजवीकडच्या चौकोनात चार आकडे मारायचे, की अक्षर उमटतं. वरच्या ओळीतले आकडे त्याला चालत नाहीत. ताईंना असे सत्तर-ऐंशी आकडे पाठ होते आणि त्यांना एकही कागद लागत नव्हता.

नेमके तेव्हाच महेंद्रभाऊ आले. ठाण्याला, कोलशेतच्या एका कंपनीत सुपरवायझर आहेत. मुलीचं, स्वप्नाचं लग्न ठरलेलं. त्यांच्या स्वतःच्या लग्नाची पत्रिकाही ताईंनीच केली होती, म्हणून ठाण्यातली सगळी दुकानं सोडून ते इथवर आले होते. संध्याकाळपर्यंत प्रूफ हवं होतं.

ताईंनी मजकुराचा कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"महेंद्र, हे तू मुद्दाम केलंस का रे?"

"काय झालं ताई?"

"नवरा मुलगा सिद्धार्थ. वडील बुद्धभूषण. भाऊ अनिरुद्ध. विधी लावणार बौद्धाचार्य. हॉल समृद्धी. आणि हॉल कुठे, तर सिद्धेश्वर तलावाजवळ. द्ध सोडून दुसरं अक्षर मिळालं नाही तुमच्या व्याह्यांना?"

महेंद्रभाऊंना काही कळेना. त्यांनी चेहरा अपराधी केला, जणू जावई निवडताना चूक झाली.

मी म्हटलं, "ताई, दचा पाय मोडून पुढे ध लावू. वाचता येतं की."

"पत्रिकेत नवऱ्या मुलाचा पाय मोडू? मी?"

विषय संपला. मी मोबाइलवर शोधाशोध केली आणि कळलं की छोट्या कीबोर्डातही चौकोन लपवलेला असतो. काही अक्षरांच्या बटणांवर कोपऱ्यात बारीक निळे आकडे होते. नम लॉक दाबलं की ती बटणं आकड्यांचं काम करतात. मी मोठ्या रुबाबात नम लॉक दाबलं.

"हां ताई, द्धचा आकडा सांगा."

ताई स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "मला कुठे माहितीय?"

"अहो, रोज मारता ना!"

"मी नाही, हात मारतो. मी कधी त्याला विचारलं नाही."

महेंद्रभाऊ पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. ताई डोळे मिटून टेबलावर बोटं आपटायला लागल्या. आम्ही दोघं वाकून बघत होतो. बोटं पटापट चालत होती, पण टेबलावर कुठे काय लिहिलेलं असतं? शेवटी मला कॅल्क्युलेटर सुचला. त्याच्यावर आकड्यांची मांडणी तशीच असते, सात-आठ-नऊ वर. तो ताईंच्या हाताखाली सरकवला.

"डोळे मिटून द्ध लिहा."

टकटकटकटक. कॅल्क्युलेटरवर आलं, २१६.

"तीनच?" मी म्हटलं. "चार लागतात ना?"

"अंगठा आधी पडला होता माझा," ताई म्हणाल्या. "शून्य असणार. तुझं यंत्र पहिला शून्य खातं."

शून्य दोन एक सहा. महेंद्रभाऊंनी तो खिशातल्या डायरीत लिहून घेतला. ताईंनी ऑल्ट धरून निळे आकडे शोधत एकेक बटण दाबलं आणि स्क्रीनवर सुरेख, गोल, अखंड द्ध उमटला. आम्ही टाळ्याच वाजवल्या.

ताई खूश झाल्या आणि कागदाकडे बघत सुसाट सुटल्या. स्क्रीनकडे बघत नाहीत त्या, कधीच नाही. दोन मिनिटांनी महेंद्रभाऊ खाकरले.

"ताई, आमच्या जावयाच्या नावात पाच कसा आला?"

नम लॉक चालूच राहिलं होतं. अर्धी पत्रिका आकड्यांची झाली होती. स्वप्नाच्या आईचं नाव तर एखाद्या गाडीच्या नंबरासारखं दिसत होतं.

आता प्रत्येक द्धला नम लॉक चालू-बंद करणं ताईंना जमेना. एकदा चालू राहायचं, एकदा बंद. दुसरा मार्ग होता एफएनचं बटण, ते दाबून धरलं की तेवढ्यापुरतीच ती बटणं आकड्यांची होतात. पण ते उजव्या कोपऱ्यात. ताईंचा डावा हात ऑल्टवर, उजवा आकडे शोधणार. तिसरा हात आणायचा कुठून? मी पुढे झालो तर महेंद्रभाऊंनी मला बाजूला केलं.

"थांबा. मुलगी माझी आहे."

त्यांनी बाह्या सरसावल्या, स्टूल ओढलं आणि एफएनवर अंगठा ठेवला.

"धर," ताई म्हणायच्या. चार आकडे. "सोड."

"धर." "सोड."

सिद्धार्थ झाला. बुद्धभूषण झाले. अनिरुद्धच्या वेळी महेंद्रभाऊंनी लवकर सोडलं आणि भलतंच चिन्ह उमटलं.

"घाई काय आहे? गाडी सुटतेय का तुझी?"

"सॉरी ताई."

सुपरवायझर माणूस, हाताखाली चाळीस जण. पण सिद्धेश्वर तलावापर्यंत त्यांचा हात असा बसला की ताईंनी सांगायची गरज उरली नाही. बाकीची जोडाक्षरं आली की ताई डोळे मिटून कॅल्क्युलेटरवर बोटं मारायच्या, मी आकडा वाचायचो, पुढे शून्य लावायचो, डायरीत लिहायचो. चारच्या सुमारास पत्रिका पूर्ण झाली.

प्रूफ फोनवरून स्वप्नाला पाठवलं. तिचा लगेच फोन आला. महेंद्रभाऊंनी स्पीकर लावला.

"बाबा, मस्त झालंय! एकही चूक नाही. पण एवढा वेळ काय करत होतात?"

महेंद्रभाऊंनी आमच्याकडे बघितलं. "बेटा, तुझं लग्न जुळवायला मला इतका त्रास झाला नव्हता," ते म्हणाले. ताईंनी उगाच चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी मी हातभर लांब कीबोर्ड आणला आणि लॅमिनेशन मशीन स्टुलावर ठेवलं. डायरीतली पानं ताईंनी महेंद्रभाऊंकडून मागून घेतली आणि झेरॉक्स काढून मला दिली. "मी काय जन्मभर पुरणारेय का? शिक." रोज दुपारी मी पाच अक्षरं गिरवतो. ताई माझ्याकडे न बघता, नुसत्या आवाजावरून चूक ओळखतात.

लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो. जेवणाच्या वेळी महेंद्रभाऊ आम्हाला व्याह्यांकडे घेऊन गेले आणि छाती काढून म्हणाले, "पत्रिकेतलं तुमचं नाव मी स्वतः टाइप केलंय बरं का!"

ताईंनी हातातलं आइस्क्रीम संपवलं.

"अंगठ्यापुरतं," त्या म्हणाल्या.