डाव्या वाटेचा उतार

बीदरच्या दवाखान्यातून लिंबाजी बाहेर पडला तेव्हा उन्हं चांगलीच वर आली होती, आणि तो आताच निम्मा थकला होता. हिवतापावरच्या कोयनेलच्या सहा गोळ्यांची पुडी त्याने पटक्याच्या शेवात बांधली, पटका पुन्हा डोक्याला गुंडाळला आणि सायकलीवर टांग टाकली. डॉक्टरांचं बोलणं कानातून जात नव्हतं. "थंडी चढने के पैले पेट में जाना, मियाँ. बाद में देके क्या फायदा?"

अंबुबाई ही त्याची एकुलती एक लेक. मांजरेपलीकडे, ठाणाकुशनूरला दिलेली. तिला एकांतरा ताप धरला होता. एक दिवस आड, उन्हं कलली की थंडी भरायची, खाट थरथरायची, मग अंग भट्टीसारखं तापायचं. चार पाळ्या झाल्या होत्या, आणि अंगावर दोन महिन्यांचं लेकरू. काल संध्याकाळी तिकडचा माणूस निरोप घेऊन आला, तो दारातूनच म्हणाला, "उद्या पाचवी पाळी हाय, अण्णा. पोरगी काढंल का न्हाई, सांगता येत न्हाई."

दवाखाना उघडायची वाट बघण्यात सकाळ गेली होती. आता उन्हं कलायच्या आत गोळी अंबुबाईच्या पोटात जायला हवी होती. बस्स, एवढंच काम. दुसऱ्या कुणाला ते जड वाटलं असतं, पण लिंबाजी साधा सायकलवाला नव्हता.

लढाईच्या दिवसांत तो खेचरांच्या पलटणीबरोबर थेट सिप्रसला, म्हणजे सायप्रसला, जाऊन आला होता. सिप्रस म्हणजे समुद्रातलं बेट, आणि बेट म्हणजे नुसते डोंगर. सगळ्या तुकडीत सायकल येणारा हा एकटाच, म्हणून साहेबाने त्याच्या गळ्यात टपालाची पिशवी अडकवली. दोन वर्षं तो त्या डोंगरांतून एका छावणीचे कागद दुसऱ्या छावणीला पोचवत फिरला. द्राक्षांचे मळे, पांढऱ्या दगडांची गावं, देवदाराचं रान, सगळं त्याने घाम पुसत पुसत पाहिलं. त्याच्याकडे एक वही होती. तीत त्याने प्रत्येक वाटेच्या खुणा केल्या होत्या. वर जाणारी रेघ म्हणजे चढ, खाली येणारी रेघ म्हणजे उतार. मैल तो मोजतच नसे. दमलेल्या माणसाला मैलांशी काय देणंघेणं? त्याला इतकंच हवं असतं की पुढे उतार आहे की नाही.

त्या बेटावरचे एकोणीस चढ त्याला अजून तोंडपाठ होते. दर चढाला कुठे उतरून सायकल ढकलायची आणि कुठे दात खाऊन रेटायची, हेही. पण त्याच बेटावर, लोकांची पत्रं वाटता वाटता, त्याला स्वतःच्या घरचं पत्र मिळालं. त्याची बायको तापाने गेली होती. पत्र अडीच महिन्यांचं जुनं होतं. त्या दिवशीही त्याने पिशवी वेळेवर पोचवली होती. साहेबाने शाबासकी दिली होती. ती शाबासकी त्याला अजून टोचायची.

बीदरच्या पठारावरून सायकल खाली सुटली तेव्हा लाल मुरमावरून चाकं घसरत होती, पण जीव जरा हलका झाला. पुढे मात्र माळावर लहान लहान टेकाडं सुरू झाली. एक संपलं की दुसरं. भादव्याचं ऊन डोळ्यांत भाले खुपसत होतं. साखळी दोनदा निसटली. उजवा गुडघा बेटावरच गेलेला, तो दर पायडलला कुरकुरू लागला. सिप्रसचे डोंगर चढलेल्या माणसाला ह्या टेकाडांनी रडवावं, ह्याची त्याला लाजही वाटली. पण लाज वाटून गुडघा थोडाच बरा होतो?

एका बाभळीपाशी वाट फुटत होती. एक डावीकडे, एक उजवीकडे. लिंबाजी थांबला. लेकीकडे तो आजवर उन्हाळ्यातच आलेला, बैलगाडीतून, गप्पा मारत. त्या दिवसांत मांजरा म्हणजे वाळूचं मैदान, कुठूनही पार व्हावं. वाट लक्षात ठेवायची गरजच पडली नव्हती. बाभळीखाली एक म्हातारा धनगर घोंगडं पांघरून बसला होता आणि त्याची मेंढरं सावलीला डोकी खुपसून उभी होती. हावगेप्पा त्याचं नाव. ते त्याने न विचारता सांगितलं, तंबाखूही पुढे केली. लिंबाजीने हात जोडून नको म्हटलं.

"अप्पा, ठाणाकुशनूरला जायाचंय. ह्यातल्या कुठल्या वाटंला उतार हाय?"

"डाव्या अंगानं जा. तिकडं झकास उतार हाय. उजवीला उतार न्हाई."

"खरं सांगायलाव न्हवं? पाय तुटायलेत माझे."

"मेंढरं न्हेतो की रोज," म्हातारा जरा फणकाऱ्याने म्हणाला. "मला न्हाई तर कुणाला ठावं आसंल?"

लिंबाजी डावीकडे वळला. दोनशे पावलांवर चढ लागला. असेल, म्हणून त्याने रेटलं. चढ संपला, तर त्याच्यामागे त्याच्याहून उभा दुसरा. तो उतरला आणि ढकलू लागला. तोंडाला कोरड पडली. म्हाताऱ्याच्या सात पिढ्यांना त्याने शिव्यांची लाखोली वाहिली. माथ्यावर पोचून बघतो तो पुढे तिसरा चढ, आणि खाली उजव्या हाताला ती दुसरी वाट. कशी होती म्हणता? सरळ, गुळगुळीत, थेट नदीच्या झाडीपर्यंत घरंगळत गेलेली.

"म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलंय," तो मोठ्याने म्हणाला. मग एका बांधावरून सायकल उचलून त्याने उजवी वाट धरली.

खरं सांगायचं तर तेवढीच काय ती त्या दिवसातली सुखाची घटका. पायडल न मारता सायकल धावत होती. वाऱ्याने सदरा फुगला होता. त्याला बेटावरचा तो मोठा उतार आठवला, समुद्रापर्यंत जाणारा. आता उन्हं कलायच्या कितीतरी आधी पोचतो, असा त्याने हिशेब केला. पटक्यातली पुडी चाचपली. लेकीला आपण वाचवली, असं त्याला वाटूनही गेलं.

वाट नदीत जाऊन बुडली होती. मांजरा दोन्ही काठ भरून चालली होती, गढूळ आणि मुकाट. काठच्या बाभळी कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या. एक बाई दगडावर धुणं आपटत होती.

"अक्का, इथनं पल्याड कसं जायाचं?"

बाईने त्याच्याकडे आणि सायकलीकडे आळीपाळीने पाहिलं. "जीव जड झालाय का? दोन पुरुस पानी हाय. इथं उतार न्हाई, बाबा. उतार वर हाय, डाव्या वाटंला. तिथं मेंढरंबी चालत जात्यात."

लिंबाजीने मागे वळून पाहिलं. ज्या घसरणीवरून तो वाऱ्यासारखा आला होता, ती आता भिंतीसारखी उभी होती. आणि मग त्याला हसू आलं.

"कामून हसायलाव?" बाईने विचारलं. 

त्याचा आजा मेंढरं राखायचा. पावसाळ्यात कळप हाकायच्या आधी आजा पहिला प्रश्न हाच विचारायचा, पाण्याला उतार कुठं हाय? उतार म्हणजे जिथून मेंढरू पाय टेकवत पलीकडे जातं ती जागा. ह्या घरात जन्मलेल्या पोराला दुसरं काही येवो न येवो, एवढा शब्द येतोच. हावगेप्पाने धनगराला धनगराच्या बोलीत उत्तर दिलं होतं. पण लिंबाजीच्या कानात आता वहीतल्या रेघा होत्या. खाली जाणारी ती रेघ म्हणजे उतार, दुसरा नाहीच. एवढी दुनिया बघून तो आपल्याच आजाचा शब्द विसरून आला होता.

तो परत निघाला. सायकल ढकलत, दर वीस पावलांना थांबत. ढकलताना त्याने सावलीकडे बघायचं टाळलं, पण सावली काही त्याला सोडत नव्हती. ती आधी पायाखाली होती, मग एका बाजूला गेली, मग लांबली. उन्हं कलली. म्हणजे आता थंडी भरली असेल. आता खाट हलत असेल. आता लेकरू कुणीतरी बाजूला घेतलं असेल. डाव्या वाटेचे तिन्ही चढ तो कसा चढला, हे त्याला नंतर आठवलं नाही. पलीकडे नदी पसरट झाली होती आणि पाणी गुडघ्याला लागत होतं, कुठे मांडीला. म्हातारा खोटं बोलला नव्हता. सायकल खांद्यावर घेऊन, पुडीचा पटका डोक्याला घट्ट आवळून लिंबाजी पार झाला. मधोमध वाटलं, इथंच बसावं. पण बसला नाही.

ठाणाकुशनूरला तो तिन्हीसांजेला पोचला. विहीण, कोंडाबाई, उंबऱ्यातच बसली होती. तिच्या पदरात लेकरू झोपलं होतं.

"आलाव का, इवाई."

"थंडी आली का?"

"दुपारधरनं. चार वाकळा घातल्या तरी पोरगी हालायली होती. मधी डोळं पांढरं केलं. मला वाटलं, गेली." कोंडाबाईने डोळे पुसले. "आता उतार हाय."

लिंबाजी तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "कुठं?"

"कुठं म्हंजी? तिला! घाम सुटलाय. आत तरी जावा."

आत अंबुबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. केस कपाळाला चिकटले होते. त्याने कपाळाला हात लावला. ओलं होतं, थंड होतं, आणि श्वास चालू होता. त्याचा धीरच सुटला. खाटेचा माचवा धरून तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग पटका सोडून पुडी काढली. गुळाच्या पाण्याबरोबर तिने गोळी कशीबशी गिळली. पोरगी जगली होती, पण ती तिची ती जगली होती. बापाने त्यात काही केलं नव्हतं.

"सायकलीवर आलाव, आप्पा?" तिने हळूच विचारलं.

"व्हय."

"वाटंत लई चढ आसत्याल. म्हनून उशीर झाला."

तिने ते असं म्हटलं की त्याने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. 

"न्हाई ग बाई," तो म्हणाला. "उताराच्या नादानं उशीर झाला."

तिला ते कळलं नाही. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. चिखलाने माखलेले, टाचेपाशी फुटलेले पाय. मग जी सून सासूला कधी एक काम सांगत नव्हती, तिने पडल्या पडल्याच दाराकडे बघून म्हटलं, "अत्या, आप्पाच्या पायावर घालाया पानी तापवा की." आणि कोंडाबाई उठून चुलीकडे गेली.