कात्रजला ठेवलेलं प्रस्थान

आमची केरळची सहल पाच दिवसांची होती. त्यातला पहिला दिवस आम्ही कात्रजला काढला, थोडा जिन्यात आणि बाकीचा दवाखान्यात. उरलेले चार दिवस घरी. कोणी विचारलं की मी सांगते, हवा चांगली होती.

मुळात जायचं हे डॉक्टरांनी ठरवलं. सृष्टी, आमची मुलगी, साडेतीन वर्षांची आहे. दीड वर्षाची असताना तिला तापात पहिली फिट आली, सहा महिन्यांनी दुसरी. तापात येणारी फिट बहुतेक मुलांना आपोआप थांबते आणि मोठेपणी येतही नाही, हे मला माहीत आहे. मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलंय. त्या शिक्षणाचा उपयोग एवढाच झाला, की मला इतर आयांपेक्षा जास्त गोष्टींची नावानिशी भीती वाटते. फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर नाकात मारायला डॉक्टरांनी एक स्प्रे लिहून दिलाय. मंगळसूत्र मी रात्री काढून ठेवते, स्प्रे उशाशी असतो. या दोन वर्षांत सृष्टीला मी कोणाकडेही, अगदी तिच्या बापाकडेसुद्धा, माझ्या आंघोळीपेक्षा जास्त वेळ सोडलेलं नव्हतं.

या वेळी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर सृष्टीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "हिची तब्येत उत्तम आहे. तुम्ही कुठेतरी जाऊन या."

"स्प्रे घेऊन?"

"स्प्रे घेऊन. पण जा."

सौमित्रने, माझ्या नवऱ्याने, दवाखान्याच्या पार्किंगमध्येच उभ्या उभ्या तिकिटं काढली. घरी पोचेपर्यंत मी विचार बदलला असता, हे त्याला ठाऊक होतं. आम्ही तिघं आणि सासू-सासरे. गुरुवारी दुपारी एक वीसचं विमान, कोचीला.

बिबवेवाडीला घरी येऊन हे सांगितल्यावर बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पंचांग उघडलं. चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल आहे. त्या दिवशी त्या दिशेला निघत नाहीत."

"बाबा, तिकिटं नॉन-रिफंडेबल आहेत."

"दिशाशूलही तसाच असतो."

"पण विमानतळ लोहगावला आहे. म्हणजे गुरुवारी आपण घरातून उत्तरेलाच निघणार ना?" सौमित्र म्हणाला.

"आणि विमान? ते लोहगावलाच थांबणार आहे का?"

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांना नियम मोडता येत नाही, पण नियमात बसवता येतं. त्यांनी प्रस्थान ठेवायचं ठरवलं. निघायचा दिवस वाईट असेल, तर आदल्या चांगल्या दिवशी आपल्या सामानातली एखादी पिशवी, तीत चार तांदूळ आणि एक सुपारी टाकून, प्रवासाच्या दिशेला, दुसऱ्या कोणाच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण त्या चांगल्या दिवशीच निघालो असं होतं. दुसऱ्या दिवशी जाताना पिशवी उचलायची. अट एकच. प्रवास होईपर्यंत ती पिशवी पुन्हा घरात आणायची नाही.

"मग द्वारका आत्याकडे ठेवू. वाघोली म्हणजे विमानतळापासून जवळ," सौमित्र म्हणाला.

"वाघोली पूर्वेला येते. आपण ओडिशाला चाललोय का?"

बिबवेवाडीच्या दक्षिणेला कात्रज. कात्रजला बाबांचे खात्यातले जुने स्नेही वैजनाथ काका एकटे राहतात. तेव्हा विमानतळाला जाण्याआधी आम्ही विमानतळाकडे पाठ करून कात्रजला जायचं, पिशवी घ्यायची आणि मग सगळं पुणं ओलांडून लोहगाव गाठायचं, असं ठरलं. माझी हरकत नव्हती. एक जादा पिशवी, चार तांदूळ आणि एक सुपारी यांनी कोणाचं काय बिघडणार होतं?

बुधवारी संध्याकाळी मी सृष्टीला आंघोळ घालून बाहेर आले, तर सोफ्यावरची केशरी बॅग दिसेना.

"बाबा, इथली केशरी बॅग?"

"ठेवून आलो प्रस्थान. रिक्षानं गेलो, रिक्षानं आलो," बाबा म्हणाले. "लहान होती, बरी पडली."

"त्यात सृष्टीची फाइल होती. थर्मामीटर, तापाचं औषध. स्प्रेपण आंघोळीपुरता त्यातच ठेवला होता."

"मग सुरक्षित आहे की. वैजनाथ शिस्तीचा माणूस आहे."

"मी जाऊन घेऊन येते."

"आणता येत नाही," बाबा म्हणाले. धरणाचे दरवाजे उघडा अशी मागणी घेऊन आलेल्या माणसाला ते पूर्वी याच आवाजात उत्तर देत असावेत.

"अहो, पोरीचं औषध आहे ते," सासूबाई म्हणाल्या. त्या कमी बोलतात.

"एका रात्रीचा तर प्रश्न आहे, सुनीती," बाबा त्यांना म्हणाले.

नव्या स्प्रेला डॉक्टरांची नवी चिठ्ठी लागते आणि डॉक्टर बुधवारी संध्याकाळी बसत नाहीत. फ्रिजवरच्या डब्यात जुना स्प्रे होता, पण त्याची तारीख गेल्या महिन्यात उलटली होती. सौमित्र म्हणाला, "औषधं तारखेच्या ठोक्याला मरत नाहीत गं." हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं. सृष्टी तोपर्यंत पलंगावर उड्या मारत "विमान, विमान" ओरडत होती. तिच्या अंगाला सात वेळा हात लावून पाहिला. गार होतं. मी जुना स्प्रे उशाशी घेतला आणि आडवी झाले. अजून विचार करते, तेव्हा एवढं एकच माझं चुकलं असं वाटतं. उठून जायला हवं होतं.

सकाळी साडेआठला कॅब आली.

"सर, एअरपोर्ट टाकलंय ना? आधीचा स्टॉप कात्रज दाखवतंय. ते उलटं आहे."

"उलटं नाही," बाबा म्हणाले. "दक्षिण आहे."

ड्रायव्हरने आरशातून आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि गाडी काढली.

वैजनाथ काकांच्या दाराला कुलूप होतं. सौमित्रने फोन लावला, तर आतूनच घंटी ऐकू आली. ती बराच वेळ वाजली. समोरचं दार उघडून एक बाई बाहेर आल्या. त्यांचं नाव सुंदराबाई, हे नंतर कळलं.

"अन्ना व्हय? ते गेलं की मगाशीच. केशरी पिशवी घेतली हातात. म्हनले, पावनं इमानानं चाललेत, त्यांना कशाला उलटा हेलपाटा? मीच नेऊन देतो घरी."

"पण फोन घरीच..."

"फोन न्हाई नेत ते भाईर. म्हनत्यात, हरवला म्हंजे?"

आम्ही पाचही जण त्या कुलपाकडे बघत राहिलो.

"तुमचा शिस्तीचा माणूस," सासूबाई बाबांना म्हणाल्या. त्या दिवसातलं ते त्यांचं पहिलं वाक्य.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर मान टाकलेल्या सृष्टीचा गाल माझ्या गळ्याला लागला. गरम होता. ताप येत असला की सृष्टी शहाण्यासारखी वागते. कॅबमध्ये ती पूर्ण वेळ शहाण्यासारखी बसली होती, खिडकीसुद्धा उघडायला मागितली नव्हती. मी रस्ता आणि घड्याळ बघत बसले. दोन वर्षं तिच्याकडे बघितलं आणि ती पंचवीस मिनिटं बघितलं नाही.

"सौमित्र, हिला ताप आहे."

"किती?"

"थर्मामीटर बॅगेत आहे."

सुंदराबाईंनी काही न विचारता पाण्याचं भांडं आणि ओला पंचा आणून दिला. मी जिन्याच्या पायरीवर बसून सृष्टीचा स्वेटर काढला. माझा फोन वाजला. आमच्या सोसायटीचे वॉचमन, संभाजी.

"वहिनी, गेटवर एक आजोबा आलेत बॅग घेऊन. आत येऊन बसा म्हटलं तर बसंनात. म्हणतात, ही बॅग फाटकाच्या आत न्यायची नाही. उन्हात उभे आहेत."

"बघ, कळतं त्याला," बाबा पुटपुटले. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी पुढचं वाक्य गिळलं.

"त्यांना तसंच कात्रजला परत पाठवा," मी संभाजींना सांगितलं. "रिक्षानं. आत्ता."

"अगं, पण आपणच तिकडे जाऊन तसंच पुढे एअरपोर्टला..." सौमित्र म्हणाला. "कॅब उभी आहे खाली."

"आपण विमानात बसणार नाही."

हे मी म्हणत होते आणि सृष्टीचं अंग माझ्या हातात ताठ झालं. डोळे वर लागले. मग हातपाय झटके घ्यायला लागले.

मी तिला जिन्याच्या सपाट भागावर कुशीवर निजवलं, डोक्याखाली स्वेटर सारला. "सौमित्र, घड्याळ बघ," मी म्हणाले. सौमित्र घड्याळ बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याचा हात नुसताच हवेत होता. त्याने हे कधी पाहिलंच नव्हतं. आधीच्या दोन्ही वेळा तो ऑफिसात होता, आणि नंतर मी त्याला कधी काही दाखवलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. सगळं मलाच येत होतं.

"नऊ चौदा," बाबांचा आवाज आला. "नऊ चौदा आणि दहा सेकंद. मी बघतो."

सुंदराबाई आत पळाल्या आणि फोडलेला कांदा घेऊन आल्या. "आकडी हाय ही! नाकाला लावा, नाकाला लावा."

बाबांनी डोळे घड्याळावरून न काढता दुसरा हात आडवा धरला. "बाई, काही लावायचं नाही. ती सांगेल तेवढंच."

माझ्या मुठीत पर्समधून काढलेला, तारीख उलटलेला स्प्रे होता. पाच मिनिटं झाली तर मारायचा की नाही, हे मला ठरवायचं होतं.

"अर्धं मिनिट," बाबा म्हणाले. "एक मिनिट." खात्यात असताना ते पूर येणाऱ्या नदीची पातळी फोनवर सांगत असत, तसाच सपाट आवाज. "सव्वा. दीड." सासूबाई पायरीवर बसून सृष्टीच्या पायाला नुसती बोटं टेकवून होत्या. "एक पन्नास."

सृष्टी सैल पडली. मोठा श्वास घेतला, आणि रडायला लागली. मी इतकं चांगलं रडणं कधी ऐकलं नाही. मूठ उघडली, तर स्प्रेचं झाकण तसंच होतं आणि माझ्या तळव्यावर त्याचा ठसा उमटला होता.

कॅब खालीच उभी होती. ड्रायव्हरने न विचारता गाडी जवळच्या मुलांच्या दवाखान्यात नेली आणि आमच्या बॅगाही स्वतःच उतरवून दिल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला, कान पाहिले. साधा व्हायरल. दुपारपर्यंत इथेच थांबा, म्हणाल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही सगळं बरोबर केलंत." मी त्यांना जुन्या स्प्रेबद्दल सांगितलं नाही.

साडेदहाला वैजनाथ काका केशरी बॅग छातीशी धरून दवाखान्यात आले. सुंदराबाईंनी पाठवलं होतं. "तुम्हाला हेलपाटा पडू नये म्हणून..." एवढं म्हणून ते थांबले. मी बॅग उघडली, थर्मामीटर काढला, लावला. शंभर पॉइंट चार. साडेबाराला सौमित्रच्या फोनवर बोर्डिंग सुरू झाल्याचा मेसेज आला, मग शेवटच्या सूचनेचा. एक वीसला विमान गेलं. वेळेवर गेलं.

संध्याकाळी सृष्टी झोपल्यावर बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. केशरी बॅग त्यांनीच फाटकातून घरात आणली होती.

"मला ते शिकव," ते म्हणाले.

"काय?"

"तू जे केलंस ते. तू बाथरूममध्ये असलीस आणि झालं, तर? मला फक्त वेळ सांगता येते."

मी तोंडी सांगायला लागले, तर त्यांनी थांबवलं आणि दिवाणावरचा लोड आणला. लोडाला आम्ही चौघांनी कुशीवर वळवलं. सौमित्रने दोनदा पालथा घातला. सासूबाईंना पहिल्याच वेळी जमलं. त्या म्हणाल्या, यात काय आहे, आणि पोळ्या लाटायला गेल्या. स्प्रे कसा धरायचा, कधी धरायचा, काय करायचं नाही, तोंडात काय घालायचं नाही. बाबांनी प्रश्न विचारले, तेही पोटप्रश्नांसकट. शुक्रवारी सकाळी चहाच्या आधी त्यांनी सगळं मला म्हणून दाखवलं. शनिवारी सौमित्रची परीक्षा घेतली आणि त्याला नापास केलं.

रविवारपर्यंत ताप उतरून दोन दिवस झाले होते. नवा स्प्रे कपाटात आला होता. सोसायटीतल्या लोकांच्या हिशेबात आम्ही हाउसबोटीत होतो, त्यामुळे दाराची बेल वाजत नव्हती. सासूबाईंनी माझ्या हातातला फडका काढून घेतला.

"जा, बाहेर जाऊन ये."

"कुठे?"

"ते मी कशाला सांगू? सुट्टी तुझी आहे ना?"

मी सृष्टीकडे पाहिलं. ती जमिनीवर पालथी पडून विमान काढत होती, ते बरंचसं चपलेसारखं दिसत होतं. बाबा तिच्यासमोर स्टुलावर बसले. मी स्प्रे त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्यावरची तारीख वाचली, मगच खिशात घातला.

कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत चालायला सहा मिनिटं लागतात. मला चार लागली. उसाचा रस मागवला आणि खुर्चीवर बसले. शेजारच्या टेबलावर दोन मुली कोणाच्या तरी लग्नातल्या जेवणाला नावं ठेवत होत्या. मी लक्ष देऊन ऐकलं. जेवण खरंच वाईट असावं. निम्मा ग्लास संपेपर्यंत मी बसू शकले. मग उठले. तीन जिने नीट चढले, शेवटचा धावत.

सृष्टी तशीच पालथी होती. बाबा तसेच स्टुलावर, मनगट डोळ्यांसमोर धरून.

"काही झालं?"

"दहा चाळीसला शिंकली," बाबा म्हणाले. "एकदा. पंचेचाळीसपर्यंत वाट पाहिली. पुन्हा शिंकली नाही."

"आणखी?"

"आणखी काही नाही. तू इतक्यात कशी आलीस?"

मी चपला काढल्या नाहीत. रसवंतीवाल्याला अर्धा ग्लास तसाच ठेवायला सांगून आले होते.