फुसाएची माणसं

“फुसाएनं आयुष्यात काय केलं म्हणाल, तर ऑफिस आणि घर,” बहिणीच्या फोटोसमोर बसून इवाकिरी म्हणाला. मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी नुकतेच आटोपले होते. “लग्न नाही, मित्रमंडळी नाहीत. माळ्यावर खोकीभर रद्दी तेवढी मागे ठेवली, मी उघडूनही पाहिली नाही. मोनमाबाई, हवी तर न्या. नाहीतर परवा रद्दीवाल्या गाडीत घालतो.”

चिझुरू मोनमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रद्दी म्हणे! ती बावीस वर्षांची पुस्तकं होती. पाणीखात्यात कारकून असलेली फुसाए रोज जेवण झालं की एका गाजलेल्या चित्रकथेतल्या आचाऱ्याचं, एका दुय्यम पात्राचं, म्हातारपण रेखाटायची, चिझुरू संवाद लिहायची. दोघी पदरमोड करून ती पुस्तकं छापायच्या आणि वर्षातून दोनदा हौशी चित्रकथाकारांच्या पुस्तकबाजारात निम्मं टेबल घेऊन विकायच्या. टोपणनावानं, अर्थात. फुसाए पंधरा वर्षांची असताना याच भावानं तिची चित्रांची वही फाडली होती. म्हणून दोघींचं ठरलं होतं, जी आधी जाईल तिची पुस्तकं दुसरीनं घरच्यांच्या नजरेस पडण्याआधी उचलायची. त्या बाजारात असं वचन जो तो देतो, आणि देताना हसतो.

चिझुरू हसली नाही. दात-ओठ खात तिनं खोकी उचलली.

ऑगस्टच्या बाजारात तिनं टेबलावर चिठ्ठी लावली, की चित्रकर्ती मे महिन्यात वारली. वाचक नेहमीसारखे फुसाएसाठी खाऊ घेऊन आले होते. अकिताहून आलेला ट्रक ड्रायव्हर चिठ्ठी वाचून कितीतरी वेळ मान खाली घालून उभा राहिला. एक नर्स तिथंच रडली. खाऊ कुणीच परत नेला नाही. दुपारपर्यंत डब्यांखाली पुस्तकं दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी चिझुरूनं चार पिशव्या इवाकिरीच्या दारात नेल्या. पितरांचे दिवस, घर नातेवाइकांनी भरलेलं. सगळ्यांदेखत तिनं डबे फोटोपुढे मांडले.

“कुणी दिलं एवढं?” भावानं विचारलं.

“तिच्या माणसांनी.”

“ती करायची तरी काय?”

सगळं जिभेवर आलं होतं. एक पुस्तक त्याच्या अंगावर भिरकावावं असं तिला फार वाटलं. पण वचन आड आलं.

“हे विचारायला तुम्हाला छप्पन्न वर्षं होती,” ती म्हणाली आणि उदबत्ती लावायला वळली.

डबे मावेनात, तेव्हा इवाकिरीनं आपण फोटोपुढे ठेवलेली फळांची थाळी उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली.