आभाळात गेलेला आजार

बाजाराच्या दिवशी हरसूलच्या माळावर नुसती झुंबड उडाली होती. गगनबाबांनी भगव्या कापडात गुंडाळलेला कलश पाटावर उपडा ठेवला आणि आरोळी ठोकली, "जा रोगा, वर जा!" फुस्स करत कलश सरळ आभाळात गेला. गर्दीवर पाण्याचे फवारे उडाले. "तीर्थ, तीर्थ!" करत बाया ते डोळ्यांना लावू लागल्या.

नाशिकच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी तेजस्विनी मामीला भेटायला आली होती. मामी, लंकाबाई, रोज इन्सुलिन घ्यायची. बाबांनी तिला बजावलं होतं, "साखर वर धाडली. आता सुई टोचलीस, तर ती परत उतरंल!" मामीने सुई बंद केली होती. तिला सारखी तहान लागत होती, चालताना धाप लागत होती.

कलश ओढ्यापलीकडे पडताना तेजस्विनीने पाहिला. बाबांचा चेला पोचायच्या आत तिने तो उचलला. कापडाच्या आत थंड पेयाची प्लास्टिकची बाटली होती.

तशीच बाटली तिने मामाच्या अंगणात पाण्याने अर्धी भरली, घट्ट बूच लावून उपडी ठेवली आणि बुचातल्या नळीतून सायकलच्या पंपाने हवा भरली. बूच सुटलं आणि बाटली छपरावरून वर गेली.

"आतली दाबलेली हवा पाणी खाली फेकते, आणि पाणी बाटलीला वर ढकलतं. अग्निबाण असाच उडतो, फक्त तो जळता वायू खाली फेकतो. बाबांचा पंप पाटाखाली असतो, मामा."

केरूमामा हसले. "भारी हाय! पण तुझी हवेनं उडली, बाबाची मंत्रानं."

"मग ते तीर्थ कशाचं होतं?"

"देवाचं," शेजारची साळूबाई म्हणाली.

तेजस्विनीने सुई भरून आणली. "मामी, हात जोडते. एवढी घे."

मामीने दंड पदराखाली झाकला. "नगं पोरी. मला हलकं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी मामीला उलट्या सुरू झाल्या, मग शुद्ध हरपली. जीपमधून नाशिकला नेलं. डॉक्टर म्हणाले, "फार उशीर केलात." संध्याकाळी मामी गेली.

दवाखान्याच्या पायरीवर मामा तेजस्विनीकडे न बघता म्हणाले, "बाबाचा फोन आलता. तू बाटली उडवलीस, म्हणून रोग खाली आला म्हणे."

"मामा, रोग मामीच्या अंगातून कधी गेलाच नव्हता."

मामा उठून दूर जाऊन बसले.

वाचकहो, चमत्कार दिसला तर जवळ जा, हात लावू द्या म्हणा. लावू दिला नाही, तर सरळ घरी या. आणि घरात कुणाची सुई, कुणाची गोळी चालू असेल, तर ती बंद करायचा निर्णय डॉक्टरांवाचून कुणालाही घेऊ देऊ नका. बाबाला तर नाहीच, आणि हलकं वाटणाऱ्या आपल्या माणसालाही नाही.